सुक्याबरोबर ओलंही

एकाच पेटीत कपडे धुवायचे आणि त्याच पेटीत वाळवायचे, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली तो माणूस कपडे वाळत घालून घालून कंटाळलेला असणार. मशीन दुरुस्त करणारा तो खचितच नसणार. दुरुस्त करणाऱ्याने तिथल्या तिथे विचारलं असतं, "साहेब, जिथं पाणी सोडायचं तिथंच शेगडी पेटवायची, असं म्हणताय का?" पण असले प्रश्न विचारणाऱ्यांना मीटिंगला बोलवायची पद्धत कुठल्याच देशात नाही. त्यामुळे 1953 साली अमेरिकेत बेंडिक्सचं 'ड्युओमॅटिक' बाजारात आलं. मळके कपडे आत टाका, बटण फिरवा, दोन-तीन तासांनी कोरडे बाहेर काढा. मधल्या वेळात बाईसाहेबांनी काय करायचं हे जाहिरातीत दाखवलेलं असे: हसायचं.

बेंडिक्सला धाडसाची सवय होती. पुढून दार उघडणारं घरगुती ऑटोमॅटिक मशीन त्यांनी 1937 मध्येच लोकांसमोर मांडलं होतं. ते कपडे पिळायला लागलं की इतकं थयथयायचं की त्याला बोल्ट ठोकून जमिनीत जखडावं लागे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची यात मोठीच सोय झाली असणार. मालकाने घर सोडायला सांगितलं तर "आम्ही तयार आहोत हो, पण मशीन निघत नाही" हे उत्तर शंभर टक्के खरं होतं.

कंपनीचं नशीबही तसंच हलतं. 1950 मध्ये ती ॲव्हको या मूळच्या विमानवाल्यांनी घेतली, 1956 मध्ये फिल्को या रेडिओवाल्यांनी, आणि 1961 मध्ये अख्खी फिल्कोच फोर्ड या मोटारवाल्यांनी विकत घेतली. विमान, रेडिओ, मोटार एवढं सगळं ज्यांना जमलं त्यांना ओला टॉवेल वाळवणं किती जड गेलं, हे पाहिलं की आपल्या आजीबद्दलचा आदर वाढतो. तिच्याकडे एक काठी होती आणि छताला टांगलेली एक वलणी.

धुणं-वाळवणं एकत्र करणाऱ्या या जुन्या 'कॉम्बो' मशीनांच्या पोटातला कारभार मात्र बघण्यासारखा होता. धुणं झालं, पाणी गेलं, ड्रमने जमेल तेवढं पिळलं, की हीटर लागायचा आणि पंखा गरम हवा कपड्यांतून फिरवायचा. ही हवा वाफेने जड झाली की तिचं करायचं काय? भिंतीला भोक पाडून ती बाहेर सोडणं हा सरळ मार्ग. पण बेंडिक्सने दुसरा काढला. त्या वाफाळलेल्या हवेला गार पाण्याच्या फवाऱ्यातून काढायचं. वाफेचं पाणी होतं, पाणी मोरीत जातं, हवा परत हीटरकडे. भिंत शाबूत राहते. म्हणजे हे मशीन कपडे धुवायला पाणी घ्यायचं आणि ते वाळवायलाही पाणीच घ्यायचं. शास्त्राच्या दृष्टीने यात काडीची चूक नाही. पण टँकरवर दिवस काढणाऱ्या पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून "कपडे वाळवायला मला दोन बादल्या जास्त लागतात" हे वाक्य म्हणून दाखवा. शास्त्र तिथं तुमच्या मदतीला येणार नाही.

खरी गंमत लवेची. कपडे घुसळले की त्यांतून बारीक लव सुटते. वेगळ्या ड्रायरमध्ये ही लव कोरडी असते, जाळीवर बसते, चिमटीने सोलून काढता येते. काहींना त्यात सुखही वाटतं. कॉम्बोमध्ये लव ओली. तिने फवाऱ्याबरोबर मुकाट्याने गटारात जावं अशी अपेक्षा असे. पण लव अपेक्षांवर चालत नाही. ती वाटेत हवेच्या नळकांड्यात थांबायची, भिंतीला चिकटायची, वर पुढच्या धुण्याची लव बसायची, आणि काही महिन्यांनी मागचं झाकण उघडलं की भिजलेल्या उंदराच्या पिल्लासारखा एक राखाडी, गारगार गोळा हाताला लागायचा. हवेची वाट त्याने अडवली की कपडे वाळायला आणखी वेळ, म्हणून हीटर आणखी वेळ चालू, म्हणून विजेचं बिल आणखी मोठं. आणि त्यातली थोडी लव कॉइलवर जाऊन बसली की घरभर करपट वास. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण आपल्याकडे रानातल्या वणव्यावरून आली असेल. अमेरिकेत ती बेसमेंटमध्ये खरी झाली.

त्यात हे ड्रम आडवे. आडव्या ड्रममध्ये ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की पिळताना मशीन हादरतं, आणि तो हादरा पेलणारी यंत्रणा तेव्हा बेताचीच असल्याने वेग कमी ठेवावा लागे. आजची मशीनं मिनिटाला 1200 ते 1400 फेरे मारतात, त्या मानाने ही मंडळी फिरायला निघालेली असायची. कपड्यांत पाणी राहायचं. आणि राहिलेलं पाणी उष्णतेने घालवणं हा सर्वांत महागडा धंदा आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला कागदावरच्या हिशोबानेच 0.63 युनिट वीज जाते. तीन लिटर मागे राहिलं तर जवळजवळ दोन युनिटं निव्वळ वाफेला, मशीनचा आळस वेगळा. तेच पाणी मनगटाचा पीळ देऊन काढायला आमच्याकडे चादरीच्या दोन टोकांना दोन माणसं लागत आणि त्या दोघांत तेवढ्या वेळापुरता अबोला सुटत असे. हा फायदा कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही.

सगळ्यांवर राज्य टायमरचं. टायमर म्हणजे एक घड्याळी मोटर आणि तिच्या दांड्यावर ओवलेल्या खाचाखाचांच्या चकत्या. ठरावीक वेळाने 'खट्' व्हायचं, चकत्या एक पाऊल सरकायच्या, कुठली तरी खाच कुठल्या तरी पट्टीखाली यायची आणि नळ उघडायचा, पंप लागायचा किंवा हीटर तापायचा. साध्या मॉडेलात कपडे वाळलेत की नाहीत याच्याशी टायमरला देणंघेणं नसे. त्याची वेळ भरली की तो पुढचं पाऊल टाकी. आयुष्यभर एकाच टेबलावर काढलेल्या हेडक्लार्कची निष्ठा त्याच्यात होती आणि दोषही तोच.

आता विश्वासार्हतेचं गणित. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या व्ही-1 या उडत्या बॉम्बच्या आराखड्यावर काम केलेला रॉबर्ट लुसर नावाचा इंजिनियर पुढे अमेरिकेत गेला. क्षेपणास्त्रं का फसतात याचा विचार करताना त्याने एक साधी गोष्ट ठासून सांगितली: एकापुढे एक जोडलेल्या भागांची खात्री बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने घटते. समजा, प्रत्येक भाग शंभरातल्या 95 वेळा नीट चालतो. असे 10 भाग एकमेकांवर अवलंबून असतील तर सगळं मिळून शंभरातल्या 60 वेळा चालेल. भाग 20 केले तर 36 वेळा. प्रत्येक भागाला विचारा, तो छाती पुढे काढून सांगेल, "माझं काम चोख आहे." सगळे खरं बोलत असतात आणि मशीन बंद असतं. सरकारी प्रकल्पांचा अनुभव असलेल्या वाचकाला हे गणित समजावून सांगायची गरज नाही.

कॉम्बोमध्ये धुण्याचे भाग होतेच, त्यांत वाळवण्याचे आले, आणि शिवाय दोघांत भांडण होऊ नये म्हणून मध्यस्थ आले. त्याच बेअरिंगने पाण्यातही फिरायचं आणि भट्टीतही. दाराच्या त्याच रबराने साबणाचं पाणीही अडवायचं आणि गरम हवाही. मशीनं दोन असती आणि ड्रायर बिघडला असता, तर निदान धुतलेले कपडे दोरीवर टाकता आले असते. इथे हीटर मधेच रुसला की दुपारी धुतलेल्या चादरी काचेच्या गोल खिडकीतून तुमच्याकडे बघत राहायच्या. आणि सगळं ठाकठीक चाललं तरी रांगेचा प्रश्न उरतोच: पहिला घाणा वाळेपर्यंत दुसरा हात जोडून बाहेर उभा. चार पोरांच्या घरात सोमवारचं धुणं मंगळवारी संपायचं. माझ्या मते कॉम्बो मागे पडला तो बिघाडांपेक्षा या वाट बघण्याने. बिघाड माणूस नशिबाच्या खाती टाकतो, पण खोळंबा रोज नव्याने होतो.

तरीही पन्नाशीच्या दशकात या पेटीचं केवढं कौतुक! बेंडिक्समागोमाग व्हर्लपूल, जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाऊस, सीअर्सचा केनमोर, सगळ्यांनी आपापले कॉम्बो काढले. अमेरिकेत तेव्हा घरकामाची यंत्रं हा राष्ट्राभिमानाचा विषय होता. 24 जुलै 1959 रोजी मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कमध्ये अमेरिकेचं प्रदर्शन उघडलं, तेव्हा उपाध्यक्ष निक्सन साहेब सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. जनरल इलेक्ट्रिकचं पिवळंधमक स्वयंपाकघर. तिथल्या वॉशिंग मशीनकडे बोट दाखवून निक्सननी सांगितलं की आमच्या बायकांचे कष्ट आम्ही असे कमी करतो. ख्रुश्चेव्हनी यावर, तोंडात घास घालून तो खाली ढकलणारं यंत्र आहे का तुमच्याकडे, अशा अर्थाचा टोला हाणला. अणुबॉम्ब बाळगून असलेले दोन देश वॉशिंग मशीनसमोर उभे राहून वाद घालत होते आणि दोघांपैकी एकानेही आयुष्यात लेंगा पिळला असेल असं चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

पण मला त्या प्रदर्शनातली दुसरीच गोष्ट जास्त भावते. तिथं व्हर्लपूलचंही एक 'चमत्कारी स्वयंपाकघर' होतं. त्यात जमीन साफ करणारं यंत्र आपोआप कोपऱ्यातून बाहेर यायचं, फिरायचं, परत जागेवर जायचं. लोक आ वासून बघत. पुढे बऱ्याच वर्षांनी कंपनीच्याच एका डिझायनरने सांगून टाकलं की त्या खोलीत एक आरसा होता, आरपार दिसणारा, आणि त्याच्यामागे बसलेला माणूस ते यंत्र रेडिओवरून चालवत होता. म्हणजे ऑटोमॅटिक या शब्दाच्या मागे एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. तो प्रत्येक घरातल्या प्रत्येक कॉम्बोमागे बसलेला असतो, हेच तर मला सांगायचं आहे. फक्त घरी आरसा नसतो आणि खुर्चीही मिळत नाही. नळकांड्यातला गोळा काढणारी, खिसे तपासणारी, मोठी चादर आत घातल्याबद्दल नवऱ्याला बोलणारी, आणि शेवटी "जरा दमटच राहिलेत" म्हणत टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकणारी बाई म्हणजेच त्या यंत्राची विश्वासार्हता.

मेटॅग या आयोवातल्या कंपनीने यातून फार व्यावहारिक धडा घेतला. कॉम्बो त्यांनीही काढून पाहिला, पण लवकरच त्यातून अंग काढून घेतलं. 1967 पासून त्यांच्या जाहिरातीत एक दुरुस्तीवाला यायला लागला. जेसी व्हाइट हा नट निळ्या गणवेशात, फोन वाजेल या आशेवर उदास बसलेला. आमची मशीनं बिघडतच नाहीत म्हणून बिचारा एकटा, असा त्याचा अर्थ. जाहिरात तुफान गाजली. तोपर्यंत कॉम्बो त्यांच्या यादीत नव्हता, ही त्यातली मेख. असता तर त्या गृहस्थाला जाहिरात करायला सवड मिळाली नसती.

सत्तरचं दशक उजाडता उजाडता हे मोठे अमेरिकन कॉम्बो दुकानांतून नाहीसे झाले. घरं मोठी होती, दोन पेट्या शेजारी शेजारी मावत होत्या. युरोपातल्या चिमुकल्या स्वयंपाकघरांनी मात्र ही कल्पना टाकली नाही. तिथं मशीन एकच मावतं. मग त्यानेच काय ते सगळं करायचं.

आता अमेरिकेत या जुन्या मशीनांचे भक्त आहेत. चेष्टा नव्हे. जुनी वॉशिंग मशीनं जमवणारे, एकमेकांच्या तळघरात भेटून मुद्दाम डाग पाडलेले टॉवेल धुणारे आणि ते फिरताना डोळे भरून पाहणारे लोक. कोलोराडोतल्या ईटन गावी तर हजाराहून जास्त धुलाई यंत्रांचं खासगी संग्रहालय आहे. या मंडळींपुढे जुन्या कॉम्बोच्या बिघाडांचा विषय काढून बघा. लगेच उत्तर येतं, "माझं साठ वर्षांपूर्वीचं आहे, अजून चालतं!" चालतं, हे खरंच आहे. पण कसं चालतं ते विचारावं. बेल्ट आता बनत नाहीत, म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचा कापून बसवलेला. टायमर तिसऱ्या मशीनमधून काढलेला. एक चालू ठेवायला दोन बंद मशीनं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली. आणि मालक स्वतः दर रविवारी पालथा पडून बेअरिंगचा कानोसा घेतो आहे. एवढी सेवा मिळाली तर मीही शंभर वर्षं चालेन.

आपल्याकडेही हा आजार आहेच. "आमच्या वेळच्या वस्तू बघा, अजून टणटणीत!" असं एखादे काका म्हणतात तेव्हा ते माळ्यावरचा एकुलता एक पंखा दाखवत असतात. त्याच्याबरोबर जन्मलेले बाकीचे पंखे भंगारवाल्याने केव्हाच नेले, त्यांची साक्ष कोण काढणार? मोडलेली वस्तू पुरावा म्हणून घरात राहत नाही. राहिलेली तेवढी बोलते, आणि ती अर्थातच स्वतःची स्तुती करते.

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या आमच्या आतेभावाला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. त्याच्याकडे अलीकडचा कॉम्बो आहे. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, त्यालाही ते नाव उच्चारायचं नसतं. मी म्हटलं, "दादा, एवढं मोठं अंगण आहे तुझं, दोरी बांध की!" तो म्हणाला, "अरे, कॉलनीच्या नियमात बाहेर कपडे वाळत घालायला मनाई आहे. शेजारच्या घरांची किंमत पडते म्हणे." मला वाटलं थापा मारतोय. पण तिथं हे खरोखरच असतं; व्हरमाँट राज्याला 2009 मध्ये दोरीवर कपडे वाळवायचा हक्क राखणारा कायदा करावा लागला. वहिनी मागून ओरडल्या, "त्यांना सांगा, मुंबईच्या लोकलमधून दिसतात तेवढे परकर बघितले असते तर यांच्या देशाची किंमत शून्यावर आली असती!"

दरम्यान कॉम्बोने पुनर्जन्म घेतला आहे. 2023 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या नावाने अमेरिकेत हीट पंपवर चालणारा नवा कॉम्बो आला, धुऊन वाळवून साधारण दोन तासांत मोकळा. त्याला वाळवण्यासाठी पाण्याचा फवाराही लागत नाही. पण हे नाव आता कोणाकडे आहे? 2016 पासून जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती यंत्रांचा धंदा चीनच्या हायरकडे आहे. निक्सन साहेबांनी ज्या नावाच्या जोरावर कम्युनिस्टांना हिणवलं ते नाव हळूच उठून चीनला नांदायला गेलं. आणि या हायरचा भारतातला एक कारखाना कुठे, तर आपल्या पुण्याजवळ रांजणगावला, महागणपतीच्या शेजारी. शीतयुद्धाचा निकाल काय लागला हे ज्यांना अजून कळलेलं नाही त्यांनी अष्टविनायकाला जाताना एमआयडीसीतून गाडी जरा हळू न्यावी.

आपल्याकडे कॉम्बोची आठवण येते ती जुलैत. मुंबई-कोकणात कपडे वाळणं हा तेव्हा दैववाद असतो. हॉलमध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर जीन्स, जीन्सखाली बसून पाहुण्यांचा चहा, आणि सगळ्या घराला तो कुबट वास. इस्त्रीने वाळवलेला शर्ट घालून माणूस ऑफिसात पोचतो आणि पंख्याखाली बसला की पुन्हा ओला होतो. सेमी-ऑटोमॅटिकच्या ज्या भागाला आपण ड्रायर म्हणतो तो नुसता पिळतो, वाळवत नाही, याची जाणीव दर पावसाळ्यात नव्याने होते. अशाच एका जुलैत आम्ही दोघं दुकानात गेलो. विक्रेता पोरसवदा, पण तयारीचा. वॉशर-ड्रायरच्या दाराला टाळी द्यावी तसा हात लावून म्हणाला, "काकू, आठ किलो!"

"आणि वाळवायला?" हिने विचारलं. स्टिकरवरचा बारीक आकडा हिच्या नजरेतून सुटत नाही.

"वाळवायला पाच."

"मग उरलेले तीन किलो ओले कपडे?"

"ते आधी काढून घ्यायचे, काकू."

"काढून कुठं घालायचे?"

मुलाच्या चेहऱ्यावर किंचितही चलबिचल झाली नाही. त्याने मागे वळून गोडाऊनच्या दिशेने हाक मारली, "अरे, तो स्टीलचा कपडे वाळत घालायचा स्टँड आण रे, फोल्डिंगचा!" मग आमच्याकडे बघून तो अदबीने म्हणाला, "या मशीनवर फ्री आहे, काकू. पंधरा ऑगस्टपर्यंतच."